डॉ. श्रीराम लागू : अभिनय आणि अर्थार्जन

डॉ. श्रीराम लागू (१९२७-२०१९) यांच्या कारकिर्दीचे विवेचन बहुधा 'त्याग' या शब्दापाशी थांबते. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेल्या लागूंनी १९६९ मध्ये वैद्यकीय व्यवसाय सोडला, हे खरेच. परंतु पुढील उपजीविकेचा प्रश्न या शब्दाने झाकला जातो. १९७० मध्ये 'नटसम्राट'मधून त्यांनी उभा केलेला अप्पासाहेब बेलवलकर हा आयुष्याची कमाई मुलांत वाटून निराधार झालेला नट होता, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. आत्मचरित्रास 'लमाण' हे नाव देताना त्यांनी नटाला नाटककाराचा माल वाहून नेणारा मानले. पण लमाणालाही वाटखर्च लागतो, आणि 'उद्ध्वस्त धर्मशाळा'सारख्या वैचारिक नाटकांवर नटाचे घर चालत नाही. हिंदी चित्रपटांतील त्यांच्या न्यायाधीश, डॉक्टर, वडील अशा साचेबद्ध भूमिकांकडे या दृष्टीने पाहावे लागते. त्यांतील बऱ्याच किरकोळ आहेत. तरीही त्यांस अधःपतन म्हणणे अन्यायाचे होईल. 'घरोंदा' (१९७७) हा ठळक अपवाद. पैसा आणि घर यांभोवती फिरणाऱ्या या चित्रपटातील प्रौढ, धनिक मालकाला लागूंनी कोठेही खलनायक होऊ दिलेले नाही.