झिजून गोड झालेली नावं

उशिया. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, अटलांटिकच्या काठावर वसलेल्या गालिसियातलं हे मुलीचं नाव. मूळ ग्रीक 'एउगेनिया', म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. ग्रीक 'एउ' आणि आपला 'सु' यांचं मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. पुढचा 'गेन'ही आपल्या 'जन्' धातूच्याच घराण्यातला. तेव्हा उशिया ही नुसत्या अर्थाने नव्हे, व्युत्पत्तीनेही आपली सुजाता. पण ही सुजाता युरोपभर आहे. फ्रेंचांची ती युजेनी, माद्रिदकरांची एउखेनिया. अर्थ सगळीकडे तोच. मग उशिया म्हटल्यावर गालिसियन माणसाच्या कानाला जे लागतं, ते काय?

ते कळायला नाव हळू वाचावं लागतं. लॅटिनमधून गालिसियन भाषा घडली, तेव्हा दोन स्वरांच्या मधे आलेले 'ल' आणि 'न' बहुधा गळून गेले. चंद्राला लॅटिनमध्ये 'लूना'. गालिसियात तो 'लूआ' झाला, आणि लूआ हे आज मुलीचं नावही आहे. एउगेनियातला 'न' याच वाटेने गेला, सुरुवातीचा जोडस्वर आखडला, आणि मागे राहिली उशिया. शेवटच्या 'ई'वर आघात येतो, त्यामुळे नाव हाक मारल्यासारखं वर जातं.

'पायो' हे याहून धीट उदाहरण. मूळ पेलागिउस; ग्रीक 'पेलागोस' म्हणजे समुद्र. यातला 'ल' गेला, 'ग' विरघळला आणि जवळजवळ नुसते स्वर उरले. नवव्या शतकात ज्या तपस्व्याला रानात दिवे दिसले आणि त्यावरून संत याकोबाची कबर सापडली, अशी आख्यायिका आहे, त्याचं नाव पायो. सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या कॅथीड्रलसमोर किंताना चौकापलीकडे सान पायोचा, म्हणजे संत पायोचा, मठ उभा आहे, पण तो दुसऱ्या पायोचा: दहाव्या शतकात कोर्दोबात मारल्या गेलेल्या कोवळ्या मुलाचा. 'कोलुंबा' म्हणजे कबुतर, तिचीही 'ल' गळून 'कोंबा' झाली. गोव्याच्या कानाला त्यात कोंबो आरवेल, पण गालिसियात ती संत आहे, आणि ओउरेन्से प्रांतातलं सातव्या शतकातलं सांता कोंबा दे बांदे हे देऊळ तिच्याच नावाचं आहे. 'युलियानुस'ने तर 'ल' आणि शेवटचा 'उस' असं दोन्ही सोडून 'शियान' इतकं आटोपशीर रूप घेतलं. नदीतल्या गोट्यासारखी ही नावं आहेत. त्यांना कोणी घडवलं नाही, वापरानेच ती गुळगुळीत झाली.

दुसरी खूण 'श'ची. जिथे कास्तिलियन स्पॅनिश घशातून 'ख' काढते, तिथे गालिसियन 'श' म्हणते आणि तो एक्स या अक्षराने लिहिते. खोर्खेचा शुर्शो होतो, खोसेचा शोसे, खुलियाची शुलिया. शुर्शोचा अर्थ शेतकरी, जमीन कसणारा. पोर्तुगीज ही गालिसियनची सख्खी बहीण, आणि पोर्तुगिजांनीच ही लेखनपद्धत गोव्यात आणली. म्हणून रोमी कोंकणीत 'शेणै'मधला 'श' आजही एक्सनेच लिहितात. गोव्यातल्या वाचकाला या नावांच्या पाट्या न अडखळता वाचता येतील.

एवढी सुरेल नावं घराघरांत अखंड चालत आली असतील असं वाटतं. तसं झालं नाही. शतकानुशतकं चर्चच्या आणि कचेरीच्या वह्या कास्तिलियनमध्ये लिहिल्या गेल्या. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, 1938च्या आदेशापासून, जन्मनोंदणीत कास्तिलियन नावंच चालत. घरात माणूस शान असे, कागदावर खुआन; घरात मारुशा, कागदावर मारिया. लाडाची रूपं घराच्या आडोशाने तगली. पण उशिया किंवा ब्रेइशो अशा जुन्या नावांना तोही आडोसा फारसा नव्हता. ती माणसांच्या अंगावरून जवळजवळ उतरली होती.

ती टिकली जमिनीवर. गालिसियात साडेतीन हजारांहून अधिक पॅरिश आहेत, म्हणजे एकेका चर्चभोवती जमलेल्या वाड्या, आणि त्यांतल्या कितीतरी संतांच्या नावाने ओळखल्या जातात. गावकऱ्याने पोराचं नाव कास्तिलियनमध्ये नोंदवलं, पण आपल्या वाडीला तो सान ब्रेइशोच म्हणत राहिला. ब्रेइशो म्हणजे लॅटिन 'वेरिस्सिमुस', सर्वाधिक खरा. आपण सत्यतम म्हणू. सरकारी पाट्यांनी गावांनाही सोडलं नाही. पोंतेवेद्रा प्रांतातल्या सानशेनशो या किनाऱ्यावरच्या गावाला 'सानखेनखो' लिहिलं गेलं. तिथला 'शेनशो' म्हणजे संत गेनेसिउस. त्याचं नाव पाटीवर बदललं तरी लोकांच्या बोलण्यातून गेलं नाही. लुगोजवळ सांताया दे बोवेदा आहे. तिथे रोमन काळातली एक भूमिगत वास्तू आहे आणि तिच्या कमानदार छतावर पक्षी रंगवले आहेत. 'सांताया'त संत एउलालिया अख्खी मुरली आहे. तिच्या नावाचा अर्थ 'छान बोलणारी', आपली सुभाषिणी. इतर ठिकाणी ती ओलाया होते, कुठे बाया. एकाच सुभाषिणीला दर खोऱ्यात वेगळं वळण मिळालं.

कागद आणि जीभ यांच्यातला हा ताण एका कवीच्या सहीत दिसतो. कोउरेलच्या डोंगरात 1930 साली जन्मलेला एउखेनिओ नोवो नेइरा कवितेत उशिओ नोवोनेइरा झाला. 'ओस एइदोस' हा त्याचा संग्रह 1955चा, म्हणजे हुकूमशाहीच्या ऐन भरातला. त्याने नवं टोपणनाव शोधलं नाही; स्वतःचंच नाव आपल्या भाषेत उच्चारलं. 1977च्या जानेवारीत कायदा बदलला. स्पेनमधल्या कुठल्याही भाषेतलं नाव नोंदवायला परवानगी मिळाली, आणि आधी लादलेलं नाव त्याच्या समरूप नावाने बदलून घेता येऊ लागलं. त्यानंतर आईबापांनी वाड्यांची नावं पुन्हा पाळण्यात आणली.

सगळीच नावं सारख्या रसाची नाहीत. 'इरिया' मला फार आवडतं, कारण त्यात दोन प्रवाह मिसळतात: पाद्रोनजवळचं इरिया फ्लाविया हे रोमनकालीन नगर, आणि संत इरेने, जिचं नाव शांती. मुलीला हाक मारताना गाव आणि संत दोन्ही एका श्वासात येतात. 'ब्रेओगान'चं तसं नाही. हा राजा मध्ययुगीन आयरिश पुराणकथेतला. त्याने उभारलेल्या मनोऱ्यावरून त्याच्या वंशजाला आयर्लंड दिसलं म्हणे. एदुआर्दो पोंदाल या कवीने गालिसियाला त्याची भूमी ठरवलं, ते शब्द राष्ट्रगीत झाले आणि 1907 साली स्थलांतरितांच्या हवानात ते पहिल्यांदा गायले गेले. नाव भारदस्त आहे, अभिमानाचं आहे. पण ते पुस्तकातून उतरलं आहे; कुठल्या आजीच्या तोंडून त्याचं एखादं व्यंजन पडलेलं नाही. राष्ट्र त्यात ऐकू येतं, गाव येत नाही.

उलट 'ब्राइस' पाहा. कास्तिलियन ब्लासचं हे गालिसियन रूप, मुळात लॅटिन 'ब्लाएसुस', म्हणजे बोबडा. अर्थ पाहून नाव ठेवणारा कोणी आपल्या मुलाला हे देणार नाही. पण गालिसियन जिभेने त्यातल्या 'ब्ल'चा 'ब्र' केला, जसा तिने 'ब्लांको'चा, म्हणजे पांढऱ्याचा, 'ब्रांको' केला. बोबड्याच्या नावात जीभच बोबडी वळली, आणि अर्थ व उच्चार नकळत एकमेकांना लागले. माद्रिदच्या कारकुनाला तो चुकीचा उच्चार वाटला असता. आज गालिसियातले आईबाप ब्लास आणि ब्राइस दोन्ही समोर असताना ब्राइस निवडतात, कारण त्यांना मुलाच्या नावात हवी आहे ती हीच वळलेली जीभ.