‘जहाल’, ‘डावा’ आणि ‘स्वामीजी’ : १९४६ च्या अध्यक्षनिवडीची परिभाषा

हैदराबाद स्टेट काँग्रेसवरील बंदी जुलै १९४६ मध्ये उठली आणि त्याच वर्षी तिच्या अध्यक्षपदासाठी स्वामी रामानंद तीर्थ व बूर्गुल रामकृष्णराव यांच्यात निवडणूक झाली. स्वामीजी अगदी थोड्या मतांनी विजयी झाले. मराठवाड्याच्या राजकीय इतिहासावरील मराठी लेखनात या घटनेचे वर्णन बहुधा ‘जहालांनी मवाळांवर मिळविलेला विजय’ अशा शब्दांत येते. हे वर्णन खोटे नाही. परंतु ते पुरेसेही नाही. घटनेचे नामकरण करणारा शब्द तिचा अर्थही ठरवीत असतो. म्हणून या परिभाषेची तपासणी हा केवळ कोशकाराचा प्रश्न उरत नाही. तो इतिहासाच्या अभ्यासकाचाही होतो.

प्रथम संघटनेचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. महाराष्ट्र परिषद, आंध्र महासभा व कर्नाटक परिषद अशा तीन भाषिक संस्थांमध्ये वावरलेले कार्यकर्ते तीत एकत्र आले होते. महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन १९३८ साली लातूर येथे आणि १९४१ साली नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे भरले. आंध्र महासभेत १९४४ साली भुवनगिरी येथे फूट पडून रावि नारायण रेड्डी यांच्या नेतृत्वाखालील साम्यवादी एकीकडे व रामकृष्णरावांसारखे नेते दुसरीकडे झाले. याचा अर्थ असा की, १९४६ मध्ये समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन गटांमागे तीन भाषांतील निरनिराळे राजकीय अनुभव होते. एका मराठी शब्दजोडीत ते सर्व सामावतील, ही अपेक्षाच मुळात धाडसाची आहे.

‘जहाल’ आणि ‘मवाळ’ हे शब्द मराठी राजकारणात रूढ झाले ते टिळक-गोखले यांच्या काळात. १९०७ च्या सुरतेच्या फुटीने त्यांच्यावर शिक्कामोर्तब केले. ‘जहाल’ हे विशेषण विषाला लागते, औषधाला लागते. ‘मवाळ’ हे स्वभावाला व वाणीला लागते. दोन्ही शब्द तीव्रतेचे प्रमाण सांगतात, दिशा सांगत नाहीत. सुरतेच्या वादात साधनांचा प्रश्न प्रमुख असल्यामुळे ही जोडी तेथे बरीचशी अन्वर्थक होती. हैदराबादेत मात्र प्रश्न साध्याचाही होता. १९३८ च्या सत्याग्रहाच्या वेळी निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती ही मागणी होती. जून १९४७ च्या अधिवेशनात हैदराबादने भारतीय संघराज्यात सामील व्हावे, असा आग्रह धरण्यात आला. या दोन मागण्यांमधील अंतर तीव्रतेचे नसून प्रकाराचे आहे. शिवाय कुळांचा व जमिनीचा प्रश्न संघटनेने किती हाती घ्यावा, हा वाद ‘जहाल’ या शब्दाच्या कक्षेत येतच नाही.

त्या वादासाठी ‘डावा’ हा शब्द उपलब्ध होता. फ्रान्सच्या १७८९ मधील राष्ट्रीय सभेतील आसनव्यवस्थेतून निघालेली ही संज्ञा इंग्रजीच्या मार्गाने मराठीत आली. पण मराठीत ती रिकाम्या जागी आली नाही. ‘डावे’ म्हणजे कमी प्रतीचे, ‘उजवे’ म्हणजे सरस, असे मूल्य भाषेत आधीच रुजलेले होते. ‘डावलणे’ या क्रियापदात उपेक्षा आहे, ‘डावे-उजवे करणे’ यात पक्षपात आहे, आणि ‘कूस उजवणे’ यात साफल्य आहे. त्यामुळे पूज्य व्यक्तीविषयी हा शब्द वापरताना मराठी लेखणी अडखळते, असा तर्क करण्यास जागा आहे. भगव्या वस्त्रांनी हा संकोच अधिकच वाढविला. ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेला, हिप्परगे व अंबाजोगाई येथील शाळांतून शिक्षक झालेला व्यंकटेश खेडगीकर हा तरुण संन्यास घेऊनही श्रमिकांचा प्रश्न विसरला नाही. पण संन्यासी आणि डावा ही दोन पदे एका वाक्यात बसविण्याची सवय भाषेला नव्हती.

येथे ‘स्वामीजी’ या संबोधनाचा विचार अपरिहार्य ठरतो. प्रतिपक्षाचा उल्लेख आडनावाने किंवा गटाच्या नावाने होतो आणि विजयी नेत्याचा मात्र आदरार्थी संबोधनाने. या व्याकरणिक विषमतेमुळे दोन कार्यक्रमांमधील निवडणूक ही एका पूज्य पुरुषाला मिळालेली मान्यता भासू लागते. अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ (१९८७) हे या विषयावरील मोलाचे लेखन होय. परंतु ते लढ्यातील एका सैनिकाचे लेखन आहे, आणि सैनिकाची आदरभावना हा त्याचा दोष नव्हे. दोष आहे तो तीच भाषा जशीच्या तशी उचलणाऱ्या नंतरच्या संशोधकाचा. स्वामीजींनी स्वतः आपल्या आठवणी १९६७ मध्ये प्रसिद्ध केल्या त्या इंग्रजीत. तेथे या संबोधनाचे वलय लेखकाभोवती आपोआप उभे राहत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

‘डावा’ हा शब्द स्वीकारला की सर्व प्रश्न सुटतात, असेही नव्हे. साम्यवाद्यांनी स्वतंत्र मार्ग धरला. स्वामीजींचे निकटचे सहकारी गोविंदभाई श्रॉफ पुढे काँग्रेसबाहेर पडले. स्वामीजी मात्र काँग्रेसमध्येच राहिले. १९५२ मध्ये राज्याचे मुख्यमंत्रिपद रामकृष्णरावांकडे गेले आणि स्वामीजी गुलबर्ग्याहून लोकसभेवर निवडून आले. संघटनेतील विजयाचे रूपांतर सत्तेत झाले नाही, ही वस्तुस्थिती ‘विजय’ या शब्दानेच झाकली जाते. भाषावार प्रांतरचनेचा जो पुरस्कार त्यांनी केला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी सिद्धीस गेला. त्याबरोबर ज्या राज्याच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष होते ते राज्यच विसर्जित झाले. ‘जहाल’ अथवा ‘डावा’ यांपैकी कोणताही एक शब्द या वाटचालीला पुरा पडत नाही.

नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव आहे, आणि नांदेड-लातूर परिसरातील विद्यार्थ्याला ते नाव इतिहासाच्या आधी प्रवेशपत्रावर भेटते. नाव परिचित झाले की त्यामागील वाद विस्मरणात जातो. यासाठी त्या काळातील मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू लेखनात हे दोन गट स्वतःला आणि परस्परांना कोणत्या शब्दांनी संबोधीत होते, याची तौलनिक नोंद होणे अगत्याचे आहे. थोड्या मतांनी जिंकलेली निवडणूक म्हणजे जवळजवळ निम्म्या मतदारांनी दिलेला नकारही असतो. त्या नकाराची भाषा ऐकल्यावाचून विजयाचा अर्थ कळणार नाही, आणि आदराने तो नकार पुसून टाकणे हा ज्याचा आदर करावयाचा त्याच्यावरही अन्यायच होय.