लगाम कोणाच्या तोंडात?

'जिभेला हाड नसतं' हे आपण लहानपणापासून ऐकतो, बहुतेकदा मोठ्यांना उलट बोलल्यावर. नव्या करारातलं याकोबाचं पत्रही असंच वापरलं जातं. पाच अध्याय, 108 वचनं. त्यातला तिसरा अध्याय जिभेवरचा. सौम्य बोला, जीभ आवरा, असं कोणाला सांगायचं असलं की तो हमखास निघतो. मला वाटतं, आपण तो अर्धाच वाचतो.

कारण अध्यायाची सुरुवात शिक्षकांपासून होते. तुमच्यातल्या फार जणांनी शिक्षक होऊ नये, शिकवणाऱ्याचा न्याय जास्त कडक होणार आहे, असं याकोब आधी बजावतो आणि मगच जिभेकडे वळतो. म्हणजे लगाम आधी कोणाच्या तोंडात? ज्याचं बोलणं इतरांना ऐकून घ्यावंच लागतं, त्याच्या.

मग प्रतिमांची रांग लागते. घोड्याचा लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी आग, गोडं आणि खारं पाणी एकत्र देऊ न शकणारा झरा. वाचायला झकास, पण तर्क डळमळतो. लगाम आणि सुकाणू ही ताबा ठेवण्याची साधनं; आग म्हणजे ताबा सुटणं. शिवाय सुकाणू वळतं ते सुकाणू धरणाऱ्याच्या मर्जीने, हे तो स्वतःच सांगतो. तो धरणारा हात, म्हणजे मनातला मत्सर, येतो मात्र उशिरा, जिभेला यथेच्छ झोडपून झाल्यावर. आणि उपाय? वरून येणारं सौम्य शहाणपण. (बग रिपोर्ट लांबलचक, फिक्स एका ओळीत.)

पत्राची खरी ताकद मला दुसऱ्या अध्यायात दिसते. तिथे सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो, त्याला आदराने चांगली जागा मिळते. मळक्या कपड्यातल्या गरिबाला उभं राहायला किंवा पायाशी बसायला सांगतात. पुढे उघड्या, उपाशी माणसाला कोणीतरी छान शुभेच्छा देऊन रिकाम्या हाताने पाठवतं. इथे शिवी कोणीच देत नाही. दोन्हीकडे भाषा सभ्य आहे, आणि याकोबाचा राग नेमका तिच्यावर आहे. मार्टिन ल्यूथरने 1522 मध्ये याला पेंढ्याचं पत्र म्हटलं. कृत्यांवरचा हा भर त्याला खटकला. मला तोच भाग जिवंत वाटतो.

गेल्या वर्षी मी एका ज्युनिअर मुलीच्या कोडवर अठरा कमेंट टाकल्या. सगळीकडे 'प्लीज' होतं, दोन ठिकाणी स्मायली. तासभर शेजारी बसून समजावणं मात्र मी टाळलं. त्यानंतर तिने प्रश्न विचारणंच बंद केलं. माझ्या टोनबद्दल तक्रार करायला कोणालाच जागा नव्हती.

म्हणून सौम्य बोलण्याची शिकवण खालच्या माणसाला गप्प बसवायला वापरली की मला हे पत्र आठवतं. याकोब स्वतः काही गोड बोलत नाही. पाचव्या अध्यायात तो श्रीमंतांना रडायला आणि आक्रोश करायला सांगतो. त्यांनी कापणी करणाऱ्यांची मजुरी बुडवली आहे, आणि ती मजुरीच ओरडते आहे, असं तो लिहितो. तिला तो आवाज खाली करायला सांगत नाही.