वाढ कुणाची, किंमत कुणाची?

धाकटा भाऊ गेला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. नंतर नातेवाईक कौतुकानं म्हणायचे, "पोरगा एकदम जबाबदार झाला." जॉन हिक यांचं 'ईव्हिल अँड द गॉड ऑफ लव्ह' (१९६६) वाचताना तेच वाक्य आठवत राहिलं.

हिक म्हणतात, देवानं हे जग आपल्या सुखासाठी नाही, आपण घडावं म्हणून केलंय. धोकाच नसेल तर धैर्य कुठून येणार? इथपर्यंत पटतं. काही दुःखं माणसाला घडवत नाहीत, मोडतात, हेही ते प्रामाणिकपणे कबूल करतात. पण मग म्हणतात, असं अकारण दुःख असतं म्हणूनच खरी करुणा जागते. इथे मी अडकलो. करुणा जागते ती बघणाऱ्याची! १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नाविना गेली. त्या दुःखानं तुकोबा घडले, असं आपण सहज सांगतो. तिचं काय घडलं? हिक यांच्याकडे उत्तर आहे: मरणानंतरही घडणं चालूच राहतं. म्हणजे बग पुढच्या रिलीजमध्ये फिक्स होणार. (ऑफिसात मीही हेच सांगतो.)

जबाबदार मी झालो, हे खरंय. भाऊ अकरावीत होता.