‘उपकारस्तुती’ आणि घरचा हिशेब : ‘स्मृतिचित्रे’तील कृतज्ञतेची भाषा

मराठी ख्रिस्ती समाजाच्या प्रार्थनेत ‘उपकारस्तुती’ हा शब्द इतका रुळला आहे, की त्याची घडण सहसा कोणी निरखून पाहत नाही. नव्या करारातील ‘एउखारिस्तिया’ या ग्रीक शब्दाच्या पोटात ‘खारिस’, म्हणजे न मागता लाभलेली कृपा, आहे. मराठीत त्या जागी उपकार आला आणि त्याला स्तुतीची जोड मिळाली. शब्द सुबोध झाला खरा; परंतु त्याच्याबरोबर आपल्या लोकव्यवहारातील एक पेचही आला. मराठीत उपकार स्मरायचे असतात, फेडायचे असतात. त्यांचे ओझे होते. घरात तर हा शब्द बहुधा रागातच ऐकू येतो : ‘मोठे उपकारच केलेस!’ वाढलेल्या ताटाबद्दल आईचे रीतसर आभार मानणारा मुलगा मराठी कानाला रुसल्यासारखा वाटतो. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीने येथे निराळी वाट काढली. तेथे ‘देव बरें करूं’ असे म्हटले जाते. फेडीचा भार बोलणारा स्वतःवर न घेता देवाकडे सोपवतो. मराठी ख्रिस्ती भाषेत उपकारस्तुती मुख्यतः प्रार्थनेतच राहिली; रोजच्या बोलण्यात ती तशी उतरली नाही.

मग दैनंदिन संसारातील ख्रिस्ती कृतज्ञतेचा शोध कोठे घ्यावा? माझ्या मते लक्ष्मीबाई टिळकांच्या (1868–1936) ‘स्मृतिचित्रे’त. हा ग्रंथ 1934 पासून भागशः प्रसिद्ध झाला. त्याच्या विनोदाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या विनोदाचे धार्मिक कार्य मात्र दुर्लक्षित राहिले.

लक्ष्मीबाईंचे बालपण नाशिकजवळच्या जलालपुरात, वडिलांच्या विलक्षण सोवळ्यात गेले. त्या घरी मिठापर्यंतच्या वस्तू धुऊन घेतल्या जात. टीकाकार हा भाग सामाजिक दस्तऐवज म्हणून किंवा हास्यप्रसंग म्हणून वाचतात. वास्तविक या ग्रंथाच्या मुख्य विषयाचे बीज तेथेच आहे. जेथे बाहेरून आलेली कोणतीही वस्तू जशी आली तशी घेता येत नाही, तेथे कृतज्ञतेला जागा उरत नाही. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या वियोगाच्या काळात आणि पुढे एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नव्हते. ते सुटले तेव्हा कोणाच्याही हातचे पाणी चालेल असा निश्चय त्यांनी आधी केला. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली, झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. सिद्धान्ताआधी हात पुढे झाला. ‘देणे’ हा ख्रिस्ती सद्गुण म्हणून आपण नेहमी ऐकतो. येथे ‘घेणे’ शिकण्याची कथा आहे, आणि उपकाराच्या ओझ्याला भिणाऱ्या समाजात तीच अधिक अवघड आहे.

टिळकांची कृतज्ञता निराळ्या जातीची. संतांच्या अभंगवाणीत मुरलेल्या या कवीचे आभार थेट ईश्वराकडे झेपावतात. व्यवहारातही तसेच. हाती आलेला पैसा ते टिकू देत नसत. अनाथ मुले घरी येत. देवाने आपल्याला फुकट दिले, म्हणून आपणही द्यावे, ही त्यांची वृत्ती उघडच सुंदर आहे. परंतु त्या औदार्याची किंमत स्वयंपाकघरात मोजली जात होती. एखाद्या भाविक चरित्रकाराने येथे साधूचे औदार्य आणि साध्वीचे मौन असे ठराविक चित्र काढले असते. लक्ष्मीबाई मौन पाळत नाहीत. चणचण, भांडण, समेट, हसू, सारे त्या एकाच सुरात नोंदवतात. पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा आडनावाने करणारी ही लेखणी त्यांना देव्हाऱ्यात बसवत नाही, आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करत नाही. तक्रार पुसून टाकल्यावरच आभार मानता येतात ही भाविकांची समजूत येथे खोटी ठरते. घरच्या बाईचे कष्ट ‘देवाच्या कृपेत’ विरघळवून टाकणारी उपकारस्तुती आजही अनेक घरांत ऐकू येते. तिला ‘स्मृतिचित्रे’ हे कडक उत्तर आहे.

नोकरीच्या क्षेत्रात हाच प्रश्न अधिक बोचरा होतो. परदेशी मिशनच्या पगारावर काम करणाऱ्या देशी ख्रिस्ती कार्यकर्त्याने आभार मानायचे ते कोणाचे? देवाचे की पगार देणाऱ्याचे? दोहोंना एकच ‘उपकार’ शब्द असल्यामुळे भक्ती आणि मिंधेपणा यांची सीमा पुसट होते. 1917 साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. त्यामागे देशी ख्रिस्ती जीवनाची तळमळ होती हे सर्वज्ञात आहे. मला त्यात भाषेचीही सोडवणूक दिसते : उपकार हा शब्द मालक-नोकराच्या नात्यातून मोकळा करण्याची. अर्थात पगार गेल्यावर संसार कसा चालवायचा, हा प्रश्न ज्या व्यक्तीपुढे उभा राहिला, तिनेच तो पुढे लिहून ठेवला.

टिळकांच्या निधनाने (1919) अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्या ओव्यांतील श्रद्धेविषयी शंका नाही. पण परंपरेने घडवून दिलेली स्तुतीची भाषा त्यांनी तेथे स्वीकारली आणि गद्यातला तिखटपणा मागे राहिला. मला गद्य अधिक धार्मिक वाटते. हे मत काहींना रुचणार नाही.

घरगुती बोलीत ही वृत्ती कोणत्या शब्दांनी व्यक्त होते, हे पाहण्यासाठी ग्रंथ अपुरे पडतात. नगर जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट कुटुंबे आणि वसईतील सामवेदी व वाडवळी बोलणारी कॅथलिक कुटुंबे जेवणाआधी, मूल जन्मल्यावर, पहिला पगार आल्यावर एकमेकांशी नेमके काय बोलतात, याची नोंद व्हावयास हवी; प्रार्थनेतले शब्द वेगळे आणि पंगतीतले वेगळे, असे दोन्ही स्तंभ शेजारीशेजारी मांडून.