कोण गेलं?

ही तबकडी लावली, की स्वयंपाकघरातून सौ. विचारते, "अहो, कोण गेलं?"

तिचं तरी काय चुकतं? खर्जातला आवाज, पियानोचे मोजूनमापून टाकलेले स्वर आणि भाषा जर्मन! त्या भाषेत कोणी लग्नाचं आमंत्रण वाचलं तरी आम्ही सांत्वनाला आल्यासारखे चेहरे करू. त्यातून ब्राम्सने संग्रहाचं नावच ठेवलंय 'चार गंभीर गाणी'.

गंमत अशी, की गाणी लिहिली तेव्हा कोणीच गेलं नव्हतं. १८९६च्या मार्चमध्ये क्लारा शूमानला पक्षाघाताचा झटका आला. ती ब्राम्सची चाळीस वर्षांहून जुनी मैत्रीण. मे महिन्याच्या सुरुवातीला, आपल्या त्रेसष्टाव्या वाढदिवसाच्या सुमाराला, त्याने ही गाणी पुरी केली. २० मेला ती गेली, आणि पुढल्या वर्षी ३ एप्रिलला तो.

शब्द ल्यूथरच्या जर्मन बायबलातले. पण निवड बघा! स्वर्ग नाही, पुनरुत्थान नाही. पहिलं गाणं मरणापुढे माणसाला आणि जनावराला एकाच रांगेत उभं करतं. दुसऱ्यात जिवंतांपेक्षा मेलेले बरे आणि जन्मालाच न आलेले त्याहून बरे. इथवर ऐकून आमच्यासारखा रविवारचा श्रोता चहाला उठतो. उठू नये. खरं गाणं तिसरं आहे.

त्यात मरणालाच हाक मारलीय. खाऊनपिऊन सुखी असलेल्याला ते कडू, थकल्याभागल्या म्हाताऱ्याला तेच गोड. आधी ती हाक मायनरमध्ये पायरी पायरीने खाली उतरते. मग तीच उलटून वर चढते आणि गाणं मेजरमध्ये येतं. मरण तेच, हाक मारणारा बदलला! हान्स हॉटरने १९५१ साली जेराल्ड मूरच्या साथीने ही गाणी ध्वनिमुद्रित केली. इथे त्याचा आवाज मला कोणाच्या तरी उशाशी बसल्यासारखा वाटतो.

माझी तक्रार आहे ती चौथ्याबद्दल. संत पौलाच्या पत्रातली प्रेमाची थोरवी, पण सुरुवात अशी ठणठणीत, की मर्तिकाच्या घरी पुढारी भाषणाला उभा राहावा. पुढे गाणं निवळतं, हे कबूल. पण तिसऱ्यानंतर मला कोणी काही पटवून द्यायला नको असतं.

परवा तिसऱ्या गाण्याला सौ. हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"काय म्हणतोय हो तो?"

मी अर्थ सांगितला. शेवटचं दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईचं सगळं हिनेच केलं होतं. जरा वेळाने म्हणाली, "सासूबाई हेच तर म्हणायच्या. आपणच 'असं अभद्र बोलू नये' म्हणून त्यांना गप्प करायचो."

तबकडी संपली. मी उठून तीच बाजू पुन्हा लावली. कोण गेलं, असं या वेळी कोणी विचारलं नाही.