एका ओळीतला स्वल्पविराम

लिक्विड ही वेबपानांच्या टेम्प्लेटची भाषा टोबी ल्युटके यांनी शॉपिफायसाठी रूबीत घडवली आणि २००६ पासून ती वापरात आहे. दुकानदारानं आपल्या दुकानाचं पान स्वतः हवं तसं बदलावं, पण त्याच्या हातून सर्व्हरवर भलताच कोड चालू नये, या हेतूनं ती मुद्दाम अगदी मोजकी ठेवली आहे. इतकी मोजकी, की ॲरे, म्हणजे यादी, थेट लिहिण्याची सोयही तिच्यात नाही. मग यादी हवी असणारा माणूस एक ओळ लिहितो. मोठ्यानं वाचली, तर ती अशी ऐकू येते:

{% असाइन गावं = "अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन" | स्प्लिट: ", " %}

ही ओळ मला फार आवडते. महिरपी कंसाला चिकटलेलं टक्क्याचं चिन्ह सांगतं, की इथे काम होईल पण पानावर काही उमटणार नाही. बरोबरच्या चिन्हापुढे अवतरणात तीन गावं आहेत, ती आपल्या डोळ्यांना. यंत्राला अजून एकच सलग मजकूर दिसतो. मग येते उभी रेघ. डावीकडचं जे काही असेल ते ती उजवीकडे सोपवते, आणि स्प्लिट त्या मजकुराचे तुकडे करतो. क्रम अगदी बोलण्याचा आहे: आधी वस्तू, मग तिचं काय करायचं ते.

ओळीचं सगळं वजन मात्र शेवटच्या अवतरणात आहे. तिथे दोन चिन्हं आहेत, स्वल्पविराम आणि त्यामागची मोकळी जागा. ही दुसरी नजरेतून सहज निसटते. कुणी घाईत ‘मुरुड,श्रीवर्धन’ असं जोडून लिहिलं, की ती दोन गावं मिळून एकच गाव होतं. कुठेही चूक दाखवली जात नाही, पान निमूटपणे उमटतं. म्हणून मला नुसत्या स्वल्पविरामावर तोडणं आणि पुढे फॉर लूपमध्ये प्रत्येक तुकड्याला स्ट्रिप लावून कडेच्या मोकळ्या जागा काढणं अधिक शहाणपणाचं वाटतं. यादी भरणारा माणूस वेगळा असतो आणि टेम्प्लेट लिहिणारा वेगळा. पहिल्याच्या सवयींची कदर दुसऱ्यानं करायला हवी.

दोन स्वल्पविराम लागोपाठ आले तर? लिक्विड इथे रूबीच्या वळणावर जातं: मधला रिकामा तुकडा जपतं, शेवटचे रिकामे तुकडे गाळतं. जावाच्या जेएसटीएल या टॅगसंग्रहातला फॉरटोकन्स हा मजकूर तोडणारा टॅग मात्र लागोपाठचे विभाजक एकच मानतो. गावांच्या यादीला ते सोयीचं आहे. पण ‘नाव,फोन,पत्ता’ अशा ओळीत फोन रिकामा असेल, तर पत्ता सरकून फोनच्या जागी बसतो. शिवाय त्याला दोन चिन्हं दिली, तर तो ती जोडीनं न पाहता प्रत्येक चिन्हावर वेगळं तोडतो. काम एकच, पण रिकाम्या जागेबद्दलची समजूत दोघांची वेगळी.

रिकामेपणाचा सर्वात सुंदर वापर पुन्हा लिक्विडमध्येच सापडतो. रिकामी यादी हवी असेल, तर रिकामा मजकूर रिकाम्या विभाजकावर तोडतात. काहीच नसलेलं कशानंच न तोडता हाती एक खरीखुरी यादी येते, पुढे भरायला तयार. भरलेला मजकूर असा तोडला, तर एकेक वर्ण सुटा होतो, आणि इथे मराठी लिहिणाऱ्यानं जपायला हवं. ‘क्षितिज’चे तीन नव्हे, सात तुकडे पडतात: क, हलन्ताचं चिन्ह, ष, वेलांटी, त, पुन्हा वेलांटी, ज. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते या स्प्लिटला ठाऊक नाही.

जँगो या पायथनमधल्या चौकटीच्या टेम्प्लेटमध्ये तुकडे सांधणारा जॉइन आहे, तोडणारा स्प्लिट मुळातच दिलेला नाही. तोडफोड आधी पायथनमध्ये उरकावी, पानानं फक्त मांडावं, ही त्यामागची भूमिका मला पटते. पण ती ज्याच्या हाती पायथन आहे त्याच्यासाठी. शॉपिफायवरच्या दुकानदाराजवळ टेम्प्लेट तेवढं असतं. तो वस्तूला ‘रंग_लाल’ अशी खूण जोडतो, टेम्प्लेट ती अंडरस्कोअरवर तोडतं, लास्ट हा फिल्टर शेवटचा तुकडा उचलतो, आणि गिऱ्हाइकाला ‘लाल’ एवढंच दिसतं.